ब्युरोच्या कराराला जोडलेलं दुसरं पान

घरी रुग्णाची शुश्रूषा करायला ब्युरोकडून माणूस आणायचा, तर त्या ब्युरोला परवाना कोण देतं, येणाऱ्या बाईचं प्रशिक्षण कोण तपासतं आणि काही बिनसलं तर दाद कुठे मागायची, हे मी जानेवारीपासून दिसेल त्याला विचारत आले. उत्तरं तुकड्यातुकड्यांनी मिळाली. ती एका जागी असावीत म्हणून हे लिहितेय. अनुभव डोंबिवलीतला आहे, २०२५ सालचा. दर तुमच्या गावात वेगळे असतील, बाकी फारसं वेगळं नसावं.

बाबा ७८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. ३ जानेवारीला पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरचा काय म्हणतोय ते सगळं कळतं, पण स्वतःचा शब्द फुटत नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ पुण्यात, मी बँकेत, नवरा सकाळी सातला घर सोडतो. म्हणजे आम्हाला असं कुणीतरी हवं होतं, ज्याच्या ताब्यात बाबा दिवसभर राहतील आणि संध्याकाळी त्याच्याबद्दल एक अक्षरही सांगू शकणार नाहीत. पुढची माझी सगळी कटकट, कागद, वही, कॅमेरा, या एका गोष्टीतून आली.

रुग्णालयात संक्रांतीच्या आदल्या दिवशी सांगितलं की शुक्रवारी सोडू. डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, पुढची तारीख असते, घरी नेमकं काय काय करायचं ते नसतं. वॉर्डातल्या सिस्टरना मी गाठलं आणि म्हटलं, बाबांना दिवसभरात काय काय लागतं ते मला एका कागदावर लिहून द्या, आणि त्यातलं कुठलं काम नर्सचं आणि कुठलं मावशीचं (म्हणजे शुश्रूषेला ठेवलेल्या बाईचं) तेही लिहा. त्यांनी औषधाच्या खोक्याच्या पाठीवर लिहून दिलं. नाकातल्या नळीतून (रायल्स ट्यूब) पातळ जेवण देणं, डायपर, स्पंज, कूस बदलणं, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं ही शिकलेल्या मावशीची कामं. नळी घालणं किंवा बदलणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची. या खोक्याच्या तुकड्याने आमचे महिन्याचे पंचवीस-तीस हजार वाचवले, कारण ब्युरोवाले सुरुवातीला पूर्णवेळ नर्सच घ्या म्हणून मागे लागले होते. आम्ही दिवसाला मावशी घेतली आणि नळी-कॅथेटर बदलायला तेवढ्यापुरती नर्स बोलावली, एका वेळचे ७०० रुपये.

सोडायच्या आधी दोन दिवस मी सिस्टरच्या बाजूला उभी राहून सगळं करून पाहिलं. ज्यांना जमेल त्यांनी हे कराच. आपल्याला काम येत असेल तर दुसऱ्याचं काम बघता येतं.

आता परवान्याचं. रुग्णालयं, नर्सिंग होम यांच्या नोंदणीला महाराष्ट्रात १९४९ पासूनचा कायदा आहे. घरी माणूस पाठवणाऱ्या ब्युरोचं तसं नाही. मी तीन ब्युरोंना फोन केले आणि तिघांनाही नोंदणी विचारली. दोघांनी गुमास्ता दाखवला. गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेचा कागद. तिथे धंदा चालतो एवढंच त्यातून कळतं. तिसऱ्याने विचारलं, “मॅडम, तुम्ही वकील आहात का?” ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं एक विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान मापदंड, प्रशिक्षित आणि पोलिसांकडून पडताळलेली माणसं, हे सगळं होतं. त्याचा कायदा झाला नाही. काही मोठ्या कंपन्या क्यूएआय या संस्थेचं मानांकन स्वतःहून घेतात, पण ते ऐच्छिक आहे, आणि आमच्या आसपासच्या ब्युरोंनी ते नावही ऐकलं नव्हतं. नर्सच्या बाबतीत मात्र एक पक्की गोष्ट हातात असते: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. एएनएम असो वा जीएनएम (हे नर्सिंगचे अभ्यासक्रम), नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख मागायची. खरी नर्स ते चिडून सांगत नाही, मोबाइलमधला फोटो काढून दाखवते. मावशींसाठी असं कौन्सिल नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड नावाचे सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत, त्यांचं प्रमाणपत्र असलं तर चांगलंच, पण आमच्याकडे आलेल्यांपैकी एकीकडेच ते होतं. बाकीच्या कुठल्या तरी नर्सिंग होममध्ये काम करत करत शिकलेल्या.

दर असे निघाले: मावशी १२ तास ८५० रुपये, २४ तास ११०० रुपये. पुरुष हवा असेल, ज्याला सगळे ‘ब्रदर’ म्हणतात, तर १२ तासांचे ११००. नर्स १२ तास १८००. नोंदणी फी २०००, ती परत मिळत नाही. पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ. २४ तासांचा दर बघून घरातले सगळे खूश झाले. मी नाही झाले. जिथे अख्ख्या रात्रीची किंमत २५० रुपये लावतात, तिथे ती बाई रात्री झोपणारच, आणि झोपायलाच हवी. मग दोन वाजता कूस कोण बदलणार? आम्ही दिवसाची मावशी आठ ते आठ घेतली, रात्रीची पहिला दीड महिना वेगळी, आणि पुढे रात्र आम्ही दोघांनी वाटून घेतली.

ब्युरोचा करार एक पानी, इंग्रजीत. त्यात चोरीला ब्युरो जबाबदार नाही, रुग्णाच्या तब्येतीला ब्युरो जबाबदार नाही, मावशीला परस्पर कामावर ठेवलं तर ग्राहकाला ५०,००० रुपये दंड. ब्युरोने काय करायचं याबद्दल एक ओळ, ‘योग्य सेवा पुरवणे’. मी रविवारी बसून दुसरं पान मराठीत लिहिलं. स्टॅम्प पेपर करावा का, असा विचार आला, पण ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा जाऊन पाचशेचा झालाय, आणि आम्हाला कोर्टासाठी कागद नको होता. ब्युरोच्या लेटरहेडवर दोघांच्या सह्या आणि शिक्का, एवढ्यावर भागवलं.

त्या पानावर काय होतं ते थोडं सांगते, कारण लोक सर्वात जास्त तेच विचारतात. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कुठली कूस ते वहीत लिहायचं. नळी, कॅथेटर, इंजेक्शनला मावशीने हात लावायचा नाही, कुणीही सांगितलं तरी, आम्ही सांगितलं तरी. बाबांना एकटीने उचलायचं नाही. बदली पाठवायची तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायचं, आणि बदलीची पहिली अर्धी पाळी नेहमीच्या मावशीबरोबर किंवा आमच्यासमोर. पडणं, ठसका, नळी निघणं, औषध चुकणं, यातलं काहीही झालं तर लगेच फोन. आणि खरं सांगितलं म्हणून पैसे कापले जाणार नाहीत. हे शेवटचं कलम मालकांना मुळीच पटत नव्हतं. “मॅडम, मग त्या चुकतच राहतील.” मी म्हटलं, चुका होणारच आहेत, मला त्या कळायला हव्यात. पैसे कापायची भीती असेल तर वहीत सगळं छान छानच दिसेल. शेवटी त्यांनी ते ठेवलं आणि त्या बदल्यात पोलीस पडताळणीची आठ दिवसांची मुदत एकवीस करून घेतली.

पडताळणी झालीय असं सगळेच सांगतात. कागद मागा आणि कागदावरची तारीख बघा. आम्हाला आधी दाखवला तो २०२१ चा होता. नवा चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायचा तर अर्ज मावशीनेच करायचा असतो, तोही ऑनलाइन, आणि तिच्याकडे साधा फोन. मी तिच्याबरोबर बसून अर्ज भरला, फी भरली. तोवर आमच्या पोलीस ठाण्यात तिचा फोटो आणि आधारची प्रत जोडून माहितीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. हवालदारांनी पोच द्यायला थोडे आढेवेढे घेतले, पण दिली. दाखला यायला महिना उलटला.

बाबा १७ जानेवारीला घरी आले. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. रुग्णवाहिकेच्या दोघांनी खुर्चीतून वर आणलं, त्याचे वेगळे ८०० घेतले. फाउलर बेड (डोक्याची बाजू वर-खाली करता येणारा पलंग) भाड्याने, महिना ३०००, अनामत ५०००. एअर बेड विकतच घेतला, २४०० ला, कारण वापरलेला भाड्याने घ्यायला मन धजेना.

पहिली मावशी आली तेव्हा मी तिला काही न सांगता म्हटलं, दुपारचं जेवण तुम्ही द्या, मी बघते. तिने बाबांना होते तसे जवळजवळ आडवे ठेवले, सिरिंजमध्ये पेज भरली आणि दट्ट्या दाबून अर्ध्या मिनिटात आत ढकलली. बाबांचा चेहरा लाल झाला. मी तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याच्या मावशी आल्या. त्यांनी आधी बेडचं डोकं वर केलं, पाठीला उशी लावली. नळीवरची खूण नाकपुडीपाशी आहे ना ते पाहिलं. रिकामी सिरिंज लावून हळूच ओढलं, पोटातलं थोडं पाणी आलं, ते बघून परत सोडलं. मग दट्ट्या काढून बाजूला ठेवला, नुसतं नळकांडं हातात उंच धरलं आणि पेज आपोआप उतरू दिली. नळकांडं वर-खाली करून वेग सांभाळत होत्या. संपायच्या आत पाणी ओतलं, नळीत हवा जाऊ दिली नाही. आणि नंतर पाऊण तास बाबांना आडवं करू दिलं नाही, मी सहज बेड खाली करायला गेले तर म्हणाल्या, “ताई, आत्ता नको, छातीत जाईल.” त्या सातवी शिकलेल्या आहेत. त्याच राहिल्या.

मावशी बघायला ब्युरोचा बायोडेटा काही उपयोगाचा नाही. एक जेवण, एक डायपर आणि एकदा कूस बदलणं, एवढं डोळ्यांनी बघा. हात धुतला का, युरोबॅग जमिनीवर टेकवली का, पलंगाच्या वर धरली का, बाबांशी बोलत बोलत काम केलं की मुकाट्याने, सगळं त्यात दिसतं.

वही साधी दोनशे पानी. वेळ, कूस, जेवण किती मिली, लघवी, रक्तदाब, औषध आणि शेवटी मोठा रकाना ‘आणखी काही’. संध्याकाळी मी आल्यावर आम्ही दोघी मिळून बाबांची कातडी बघायचो: टाचा, माकडहाड, खुब्याची हाडं, कानामागे. लालसर डाग बोटाने दाबून सोडला की पांढरा पडतो का ते पाहायचं. पडत नसेल तर बेडसोअरची सुरुवात. फेब्रुवारीत माकडहाडाशी एक असा डाग दिसला, त्या भागावर भार येईल असं ठेवायचंच बंद केलं, आठवड्यात गेला.

कॅमेऱ्यावरून घरात वाद झाला. भावाला हवा होता, मला नको वाटत होता. शेवटी लावला, पण मावशींना सांगून, त्यांना मोबाइलवर काय दिसतं ते दाखवून, आणि कपडे बदलताना, डायपरच्या वेळी फिरवून ठेवायची मुभा देऊन. चोरून लावलेला कॅमेरा ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी चांगली मावशी जाईल आणि दुसरी नुसती कॅमेऱ्यासमोर काम करेल. बाबांनाही विचारलं. त्यांनी डाव्या हाताने ‘असू दे’ केलं.

मार्चमधल्या एका रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक होता, दुरुस्तीसाठी लोकल बंद. टिटवाळ्याच्या मावशींना येता येईना. आदल्या दिवशी कळवायचं कलम होतं, पण ब्युरोने सकाळी साडेसातला बदली पाठवली. आम्ही दोघं घरी होतो, पण मी खाली औषधं आणायला गेले आणि नवरा आंघोळीला. तेवढ्यात त्या बाईने बाबांना सरळ बसवायला दोन्ही काखांत हात घालून वर ओढलं. पक्षाघाताच्या बाजूचा हात असा ओढायचा नसतो, खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा सरकतो. फिजिओथेरपिस्टनी भिंतीवर कागद लावला होता, पण तिला तो कुणी दाखवला नव्हता. संध्याकाळी कातडी बघताना काखेत लाल वळ दिसला आणि खांद्याला हात लावताच बाबा कळवळले. वहीत ‘आणखी काही’चा रकाना कोरा होता. कॅमेऱ्यात सगळं होतं.

एक्स-रे ६००, तपासणी, खांद्याचा पट्टा, औषधं धरून २४०० खर्च. व्यायाम दोन आठवडे बंद, आणि तोच काळ महत्त्वाचा. ब्युरोच्या मालकांनी फोनवर पहिलं वाक्य म्हटलं ते “म्हातारी माणसं, थोडंफार दुखायचंच.” मी फोनवर भांडले नाही. रात्री ईमेल लिहिला: तारीख, वेळ, दुसऱ्या पानावरचं बदलीचं कलम, वहीच्या पानाचा आणि वळाचा फोटो, बिलं. त्यात ‘ग्राहक संरक्षण कायदा २०१९’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ हे शब्द घातले. एका वकील मैत्रिणीने सांगितलं की पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी नसते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः घरी आले, बाबांना भेटले, २४०० रुपये परत दिले. त्या बाईला काढून टाकतो म्हणाले. मी नको म्हटलं. तिला त्या सकाळी बदलापूरहून कुठल्या घरी, कुठल्या रुग्णाकडे जायचंय हे सुद्धा नीट सांगितलेलं नव्हतं. तिला शिकवा म्हटलं. शिकवलं की नाही, माहीत नाही. पण त्यानंतर बदली येणार असली की आदल्या रात्री फोन येतो.

ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन मी त्याच आठवड्यात करून पाहिली. बोलणारी मुलगी चांगली होती, माहितीही दिली, पण ब्युरोंवर त्यांचा अंकुश नाही.

एप्रिलमध्ये एकदा चहा पिताना मावशींनी सांगितलं, आमच्या ८५० मधले त्यांच्या हातात ५५० पडतात. आजारी पडल्या तर शून्य. पाळी बारा तासांची, टिटवाळा ते डोंबिवलीचा प्रवास धरला की चौदा तास. दर्जाबद्दल बोलायचं तर हे सोडून बोलता येत नाही. थकलेली बाई बाबांना पाडणार, आणि पाठ धरलेली बाई दोन तासांनी कूस बदलणार नाही. म्हणून आमच्या बाजूच्या गोष्टी आम्ही कागदावर आणल्या: दुपारी एक तास पूर्ण विश्रांती, त्या वेळी शेजारच्या काकू किंवा मी, घरातली भांडी-केर सांगायचा नाही, हातमोजे आमच्याकडून, महिन्याला चार सुट्ट्या, पैसे न कापता, त्यातल्या दोनचे पैसे आम्ही थेट त्यांना दिले. एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही: पुरुष रुग्णांच्या घरी या बायकांना नको ते सहन करावं लागतं, कधी रुग्णाकडून, कधी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. मावशींना ते पहिल्यांदा माझ्याकडून कळलं, ब्युरोकडून नाही.

पैशांचं एकदाच सांगते. पहिल्या तीन महिन्यांत मावशी, रात्रीची मावशी, बेड, डायपर, फिजिओ, नर्सच्या फेऱ्या धरून दीड लाखाच्या वर गेले. मेडिक्लेममधून रुग्णालयानंतरच्या साठ दिवसांतली औषधं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला फिजिओ मिळाला. अटेंडंट, खासगी नर्स, डायपर हे विम्याच्या न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत असतात, त्यामुळे त्यांची बिलं जोडण्यात वेळ घालवू नका. २०२५ साली आयकरात ८० डीडी या कलमाखाली अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठी ७५,००० ची वजावट होती, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. फक्त जुन्या करप्रणालीत. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज एप्रिलमध्येच भरला, पण डॉक्टर म्हणाले, लकव्याला सहा महिने झाल्याशिवाय टक्केवारी ठरवत नाही. जुलैच्या मध्यात नेलं. रुग्णालयात तपासणीची खोली पहिल्या मजल्यावर आणि त्या दिवशी लिफ्ट बंद. दिव्यांगांच्या तपासणीला! चौघांनी मिळून खुर्ची वर नेली. आधी फोन करून लिफ्टचं विचारून जा.

कॅथेटर फेब्रुवारीअखेर निघाला, नळी मेमध्ये, गिळण्याची तपासणी झाल्यावर. पहिला घास मऊ भाताचा होता, आणि मावशींनी तोही वहीत लिहिला: ‘१ वाजता, भात, ६ चमचे, ठसका नाही.’ आता बाबा आधाराने खुर्चीत बसतात, डाव्या हाताने जेवतात. ‘हो’ आणि ‘नको’ स्पष्ट म्हणतात, त्यामुळे माझ्या चौकश्या निम्म्या झाल्यात.

बाबांना चालवायला आता ताकद लागते आणि मावशींना ते एकटीने जमत नाही, म्हणून गणपतीनंतर सकाळी चार तास ब्रदर घ्यायचं ठरलंय. बाबांनाही आंघोळीला पुरुष माणूस बरा वाटतो. ब्युरोने एक मुलगा पाठवला, हात चांगला आहे, खांद्याचा कागद दाखवायच्या आधीच त्याने उजवी बाजू विचारली. त्याच्या पडताळणीचा दाखला अजून आलेला नाही. मालक म्हणतात सोमवारपासून सुरू करू, कागद येईल मागून. मी म्हटलंय, कागद आला की त्याच दिवशी सुरू करू.